कोलारच्या खाणीतील न्यूट्रिनो: अवकाशातील उच्च ऊर्जेच्या कणांचा भूगर्भातून शोध

बंगळुरू शहराच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या कोलार सुवर्णक्षेत्रात, जमिनीखाली २.३ किलोमीटर खोलीवर, १९६५ मध्ये भारतीय, जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पथकाने न्यूट्रिनो या मूलकणाच्या खुणा नोंदवल्या. हे न्यूट्रिनो अणुभट्टीत किंवा प्रयोगशाळेत तयार झालेले नव्हते. अवकाशातून येणारे विश्वकिरण पृथ्वीच्या वातावरणावर आदळल्याने ते निर्माण झाले होते. निसर्गनिर्मित उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंच्या जगातील पहिल्या दोन नोंदींपैकी ही एक होती. त्यानंतरच्या सहा दशकांत हे संशोधन जपानमधील खाणी, दक्षिण ध्रुवावरील बर्फ आणि भूमध्य समुद्राचा तळ येथपर्यंत पोहोचले. भारतात मात्र खोल भूगर्भातून न्यूट्रिनोंचा वेध घेणारी मोठी प्रयोगशाळा आज अस्तित्वात नाही. कोलार येथील प्रयोग कसे उभे राहिले, ते का थांबले आणि आज जगात या क्षेत्रात काय चालले आहे, याचा हा आढावा.

न्यूट्रिनो म्हणजे काय?

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला आणि अत्यल्प वस्तुमानाचा मूलकण आहे. काही किरणोत्सारी अणूंच्या ऱ्हासात ऊर्जेचा हिशेब जुळत नसल्याने वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये अशा कणाचे अस्तित्व सुचवले. तो प्रत्यक्ष सापडण्यास पंचवीसहून अधिक वर्षे लागली. फ्रेडरिक रीन्स आणि क्लाइड कोवान यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सॅव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ केलेल्या प्रयोगात त्याचे अस्तित्व सिद्ध केले. या कार्यासाठी रीन्स यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

न्यूट्रिनोंची संख्या प्रचंड आहे. केवळ सूर्याच्या गाभ्यातून निघालेले सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो पृथ्वीवरील प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला जातात. मनुष्याचे शरीर, डोंगर किंवा संपूर्ण पृथ्वी त्यांच्या मार्गात आली तरी त्यांपैकी बहुतेक सर्व न्यूट्रिनो कोणताही परिणाम न घडवता आरपार निघून जातात. द्रव्याशी त्यांची आंतरक्रिया अतिशय क्षीण असते. एखादा न्यूट्रिनो क्वचित अणुकेंद्रावर आदळतो आणि त्या आघातातून विद्युतभारित कण बाहेर पडतो. हा दुय्यम कण टिपणे हाच न्यूट्रिनो ओळखण्याचा मार्ग आहे.

दुर्मीळ घटना टिपायची असेल तर लक्ष्य मोठे हवे आणि इतर कणांचा गोंगाट कमी हवा. न्यूट्रिनोविषयक सर्व प्रयोगांची रचना या दोन अटींवर आधारलेली असते.

जमिनीखाली जाण्याचे कारण

अवकाशातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने येणारे प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रे म्हणजे विश्वकिरण. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून आकाशात जाऊन त्यांचा शोध लावला. वातावरणातील अणूंवर विश्वकिरण आदळले की दुय्यम कणांचा वर्षाव होतो. त्यांपैकी म्यूऑन हे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे एक म्यूऑन पडतो. न्यूट्रिनोच्या आघातातूनही म्यूऑनच निर्माण होत असल्याने, जमिनीवर ठेवलेल्या यंत्राला आकाशातून थेट आलेला म्यूऑन आणि न्यूट्रिनोमुळे निर्माण झालेला म्यूऑन यांतील फरक ओळखणे जवळजवळ अशक्य ठरते.

खडकातून जाताना म्यूऑनची ऊर्जा घटत जाते आणि बहुतेक म्यूऑन वाटेतच थांबतात. न्यूट्रिनोंवर मात्र खडकाचा परिणाम होत नाही. त्यामुळे डोक्यावरील खडकाचा थर जितका जाड, तितका म्यूऑनचा गोंगाट कमी. कोलार येथील खडकाची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट आहे. म्हणून तेथील २.३ किलोमीटर जाडीचा खडक सुमारे सात किलोमीटर खोल पाण्याइतके आवरण पुरवतो. या खोलीवर म्यूऑनचे प्रमाण जमिनीवरील प्रमाणापेक्षा कोट्यवधी पटींनी कमी होते.

बंगळुरू आणि कोलार

भारतातील विश्वकिरण संशोधनाच्या इतिहासात बंगळुरूला महत्त्वाचे स्थान आहे. केंब्रिजहून सुटीसाठी मायदेशी आलेले डॉ. होमी भाभा १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने परत जाऊ शकले नाहीत. ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. चंद्रशेखर वेंकट रामन त्या वेळी तेथील भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने भाभा यांनी तेथे विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापनाही १९४५ मध्ये प्रथम बंगळुरूतच झाली. त्याच वर्षी ती मुंबईस हलवण्यात आली.

कोलार सुवर्णक्षेत्र बंगळुरूच्या जवळ असल्याचा लाभ या संशोधनाला मिळाला. जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० मध्ये येथे आधुनिक पद्धतीने खाणकाम सुरू केले होते. सोन्याच्या शिरेचा माग घेत खाणी खोल जात राहिल्या आणि चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर पोहोचली. जगातील सर्वांत खोल खाणींमध्ये तिची गणना होत असे. केवळ विज्ञानासाठी एवढी खोल विहीर खणणे त्या काळी कोणत्याही देशाला परवडणारे नव्हते. सोन्याच्या व्यवसायामुळे उभे राहिलेले उभे शाफ्ट, माणसे आणि साहित्य खाली नेणारे पाळणे, वीजपुरवठा, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था आणि पाण्याचे पंप शास्त्रज्ञांना आयते मिळाले.

भाभा यांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकंठन यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी कोलारच्या खाणीत निरनिराळ्या खोलींवर म्यूऑनची मोजणी केली. म्हैसूरजवळील नंजनगूड येथे १९२५ मध्ये जन्मलेले श्रीकंठन बंगळुरूत शिकून १९४८ मध्ये टाटा संस्थेत आले होते. पुढे १९७५ ते १९८७ या काळात ते या संस्थेचे संचालक होते. निवृत्तीनंतर त्यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत काम केले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९६० च्या दशकाच्या आरंभी सबुरो मियाके, व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमण मूर्ती यांनी ही मोजणी आणखी खोलवर नेली. अडीच किलोमीटरहून अधिक खोलीवर ठेवलेल्या यंत्राने सुमारे दोन महिन्यांत एकाही म्यूऑनची नोंद केली नाही. म्यूऑन मोजण्याच्या दृष्टीने हे अपयश होते. मात्र संशोधकांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. जेथे आकाशातील म्यूऑन पोहोचत नाहीत, तेथे एखादा म्यूऑन दिसलाच तर तो न्यूट्रिनोपासून निर्माण झालेला असण्याची शक्यता मोठी होती. न्यूट्रिनोंचा शोध घेण्यासाठी योग्य जागा सापडली होती.

१९६५ चा प्रयोग

यानंतर टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठ यांनी संयुक्त प्रयोग हाती घेतला. एम. जी. के. मेनन, श्रीकंठन, नरसिंहम, मियाके आणि डरहॅमचे आर्नोल्ड वुल्फेंडेल हे त्यातील प्रमुख शास्त्रज्ञ होते. चॅम्पियन रीफ खाणीच्या हीथकोट शाफ्टमध्ये २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रणा उभारण्यात आली.

या यंत्रणेचे दोन मुख्य भाग होते. पहिला भाग म्हणजे सिंटिलेटर नावाच्या विशिष्ट प्लास्टिकचे फलक. विद्युतभारित कण त्यांतून गेला की क्षीण प्रकाश चमकतो आणि प्रकाशगुणक नलिका त्याचे विद्युतस्पंदात रूपांतर करते. दुसरा भाग म्हणजे निऑन वायू भरलेल्या काचनळ्यांच्या रांगा. कण ज्या नळ्यांतून जाई त्या नळ्या उजळत आणि त्यांच्या छायाचित्रावरून कणाचा मार्ग आखता येत असे.

सिंटिलेटरचे फलक जमिनीशी समांतर न मांडता भिंतीसारखे उभे करण्यात आले होते. एवढ्या खोलीवर उरणारे आकाशातील तुरळक म्यूऑन जवळजवळ सरळ वरून खाली येतात, कारण तिरप्या मार्गाने येणाऱ्यांना कितीतरी अधिक खडक ओलांडावा लागतो. न्यूट्रिनो मात्र सर्व दिशांनी येतात. त्यामुळे आडव्या दिशेने जाणारा म्यूऑन दिसल्यास तो जवळच्या खडकात न्यूट्रिनोच्या आघातातून निर्माण झाला असला पाहिजे. यंत्रांचा आकार लहान असला तरी सभोवतालचा खडकच लक्ष्याचे काम करत होता.

१९६५ च्या पूर्वार्धात अशा घटना नोंदल्या गेल्या. त्याच काळात रीन्स यांचे पथक दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत, तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर, असाच प्रयोग करत होते. त्यांची पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ ची असून ती कोलारच्या आधीची आहे. मात्र कोलारच्या पथकाचा शोधनिबंध ‘फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकात १५ ऑगस्ट १९६५ रोजी, तर रीन्स यांचा निबंध ३० ऑगस्ट १९६५ रोजी प्रसिद्ध झाला. त्यामुळे या शोधाचे श्रेय सामान्यतः दोन्ही पथकांना दिले जाते.

पुढील काही वर्षांत कोलार येथे एकूण सात शोधकयंत्रे कार्यरत झाली. त्यांनी मिळून १८ न्यूट्रिनो-घटना नोंदवल्या. वर्षानुवर्षांच्या परिश्रमानंतर हाती आलेली ही संख्या लहान वाटते. मात्र अवकाशातील किरणांपासून निर्माण झालेले न्यूट्रिनो पृथ्वीच्या पोटात बसून मोजता येतात, हे या प्रयोगांनी सिद्ध केले.

प्रोटॉनचा ऱ्हास आणि खाणीचा अंत

१९७० च्या दशकात मांडल्या गेलेल्या काही सिद्धांतांनुसार प्रोटॉन हा कण चिरस्थायी नसून अतिदीर्घ काळानंतर त्याचा ऱ्हास होऊ शकतो. त्याचा शोध घेण्यासाठी कोलार येथे १९८० मध्ये लोखंडी पत्रे आणि वायुभरित गणित्रे यांचे थर असलेले १४० टन वजनाचे यंत्र सुरू झाले. केवळ या उद्देशाने उभारलेल्या जगातील आरंभीच्या प्रयोगांपैकी तो एक होता. या पथकाने ऱ्हासाच्या संभाव्य घटनांचे वृत्त दिले. तथापि, अमेरिका आणि जपानमधील अधिक मोठ्या यंत्रांना त्याची पुष्टी करता आली नाही. प्रोटॉनचा ऱ्हास अद्याप कोठेही आढळलेला नाही.

दरम्यान सोन्याचा व्यवसाय अडचणीत आला होता. खोली वाढल्याने उत्पादनखर्च वाढला आणि खनिजातील सोन्याचे प्रमाण घटत गेले. न्यूट्रिनो आणि प्रोटॉनविषयक प्रयोग १९९० च्या दशकाच्या प्रारंभी थांबले. १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे असलेल्या या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद करण्यात आल्या. हजारो कामगार कुटुंबांचा चरितार्थ गेला. पंप थांबल्यानंतर खालच्या भागात पाणी भरले. ज्या खोलीवर न्यूट्रिनो टिपले गेले, तेथे पुन्हा पोहोचण्याचा मार्ग बंद झाला.

इतर देशांतील खाणींची वाटचाल याहून वेगळी झाली. जपानच्या कामिओका खाणीत १९८३ मध्ये ‘कामिओकांदे’ ही पाण्याची टाकी प्रोटॉनच्या ऱ्हासाचा शोध घेण्यासाठीच बांधण्यात आली होती. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेतील अतिनवताऱ्याच्या स्फोटातून आलेले ११ न्यूट्रिनो तिने टिपले. त्यानंतर ५० हजार टन पाण्याचे ‘सुपर-कामिओकांदे’ १९९६ मध्ये सुरू झाले. न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान असते, याचा पुरावा या यंत्राने १९९८ मध्ये दिला. कामिओका येथील धातूचे उत्खननही २००१ मध्येच थांबले. प्रयोगशाळा मात्र सुरू राहिली. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीतही उत्पादन बंद झाल्यावर पाणी भरले होते. राज्य सरकारने पुढाकार घेऊन ते उपसले आणि तेथे कायमस्वरूपी भूगर्भ प्रयोगशाळा उभी केली. रेमंड डेव्हिस यांनी सूर्यापासून येणारे न्यूट्रिनो याच खाणीत मोजले होते. त्यासाठी त्यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

कोलारच्या प्रयोगशाळेला स्वतःचे अस्तित्व नव्हते. ती सोन्याच्या खाणीची पाहुणी होती. सोन्याचा हिशेब तोट्यात गेला तेव्हा विज्ञानासाठी पंप चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

दूरच्या विश्वातून येणारे न्यूट्रिनो

कोलारमध्ये टिपलेले न्यूट्रिनो पृथ्वीच्या वातावरणात निर्माण झाले होते. शास्त्रज्ञांचे पुढचे उद्दिष्ट सूर्यमालेबाहेरून, विशेषतः दूरच्या दीर्घिकांतून थेट येणारे उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो शोधणे हे होते. त्यामागे एक जुना प्रश्न आहे. विश्वकिरणांना प्रचंड ऊर्जा कोठे मिळते, याचे पूर्ण उत्तर हेस यांच्या शोधानंतर शतक उलटूनही मिळालेले नाही. विश्वकिरण विद्युतभारित असल्याने वाटेतील चुंबकीय क्षेत्रे त्यांना वळवतात आणि त्यांचे उगमस्थान कळत नाही. अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण दूरच्या प्रवासात शोषले जातात. न्यूट्रिनो मात्र वळत नाहीत आणि सहसा अडतही नाहीत. त्यामुळे ते ज्या दिशेने येतात त्या दिशेला त्यांचा उगम असतो.

अशा न्यूट्रिनोंची संख्या इतकी अल्प असते की खाणीत मावणारे यंत्र त्यांच्यासाठी अपुरे ठरते. सोव्हिएत शास्त्रज्ञ मॉइसे मार्कोव्ह यांनी १९६० मध्येच खोल तलाव किंवा समुद्राचा लक्ष्य म्हणून उपयोग करण्याची कल्पना मांडली होती. पाण्यात किंवा बर्फात प्रकाशाचा वेग कमी होतो. न्यूट्रिनोच्या आघातातून निघालेला म्यूऑन त्या माध्यमातील प्रकाशाहून अधिक वेगाने जातो तेव्हा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश बाहेर पडतो. तो टिपणाऱ्या प्रकाशसंवेदकांचे जाळे पसरले की माध्यमच शोधकयंत्र बनते.

या तत्त्वावर आधारलेली ‘आइसक्यूब’ वेधशाळा दक्षिण ध्रुवावर डिसेंबर २०१० मध्ये पूर्ण झाली. गरम पाण्याच्या झोताने बर्फात पाडलेल्या ८६ छिद्रांतून ५,१६० संवेदक सोडण्यात आले आहेत. मुख्य यंत्रणा १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर असून तिने सुमारे एक घन किलोमीटर बर्फ व्यापला आहे. बर्फाचे हे आवरण कोलारच्या खडकाच्या तुलनेत बरेच कमी आहे. परिणामी आइसक्यूबमध्ये दर सेकंदाला सुमारे तीन हजार म्यूऑन वरून शिरतात. त्यातून न्यूट्रिनो निवडण्यासाठी संशोधक कणांची दिशा पाहतात. खालून वर येणारा म्यूऑन संपूर्ण पृथ्वी ओलांडून आलेल्या न्यूट्रिनोपासूनच निर्माण झालेला असू शकतो. कोलारमध्ये खडकाचा थर गाळणीचे काम करत होता, तर येथे पृथ्वीचा संपूर्ण गोल ते काम करतो.

आइसक्यूबने २०१३ मध्ये उच्च ऊर्जेच्या २८ घटना जाहीर केल्या. त्यांपैकी दोन घटनांची ऊर्जा एक पेटा-इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट, याहून अधिक होती. सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा हा पहिला भक्कम पुरावा होता. २२ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या एका न्यूट्रिनोची सूचना जगभरच्या दुर्बिणींना तत्काळ पाठवण्यात आली. त्या दिशेला मृग नक्षत्राच्या तारकासमूहात ‘टीएक्सएस ०५०६+०५६’ ही दीर्घिका त्या वेळी गॅमा किरणांत प्रखर झालेली आढळली. तिच्या केंद्रस्थानी महाकाय कृष्णविवर असून त्यातून निघणारा कणांचा झोत पृथ्वीच्या रोखाने आहे. २०२२ मध्ये सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘एनजीसी १०६८’ या दीर्घिकेकडून आलेल्या न्यूट्रिनोंचा, तर २०२३ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणाऱ्या न्यूट्रिनोंचा पुरावा प्रसिद्ध झाला.

आजवरचा सर्वाधिक ऊर्जेचा न्यूट्रिनो इटलीतील सिसिली बेटाजवळ, समुद्रात सुमारे ३,४५० मीटर खोलीवर उभारल्या जात असलेल्या ‘केएम३नेट’ वेधशाळेने १३ फेब्रुवारी २०२३ रोजी टिपला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याची ऊर्जा सुमारे २२० पेटा-इलेक्ट्रॉन व्होल्ट असावी, असा अंदाज आहे. युरोपातील सर्न संस्थेच्या महाकाय कणत्वरकातील प्रोटॉनच्या ऊर्जेपेक्षा ही ऊर्जा तीस हजार पटींहून अधिक आहे. या न्यूट्रिनोपासून निर्माण झालेला म्यूऑन जवळजवळ क्षितिजसमांतर दिशेने आला होता. त्या दिशेला सुमारे १४० किलोमीटर खडक आणि पाणी असल्याने तो आकाशातून थेट आलेला म्यूऑन असू शकत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. कोलारमध्ये १९६५ साली वापरलेला तर्क हाच होता. या न्यूट्रिनोचे उगमस्थान निश्चित झालेले नाही.

भारतातील प्रस्तावित वेधशाळा

कोलार बंद होत असतानाच भारतीय शास्त्रज्ञांनी नव्या भूगर्भ प्रयोगशाळेचा विचार सुरू केला होता. ‘भारतस्थित न्यूट्रिनो वेधशाळा’ या नावाने तो पुढे आला. या वेळी खाणीऐवजी डोंगरात आडवा बोगदा खोदण्याची योजना होती. त्यामुळे उत्खननाच्या व्यवसायावर अवलंबून राहावे लागणार नव्हते. दक्षिण भारतातील कठीण आणि एकसंध खडक त्यासाठी योग्य मानला गेला. ५० हजार टन चुंबकित लोखंडाच्या थरांचे शोधकयंत्र हा या वेधशाळेचा मुख्य भाग असणार होता. वातावरणातील न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांतील भेद ओळखून, न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा क्रम ठरवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. अवकाशातील अतिउच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंसाठी ते बनवले जाणार नव्हते.

निलगिरी जिल्ह्यातील सिंगारा ही पहिली जागा मुदुमलाई व्याघ्र प्रकल्पालगत असल्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००९ मध्ये परवानगी नाकारली. त्यानंतर तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यातील पोट्टिपुरम गावाजवळचा बोडी पश्चिम डोंगर निवडण्यात आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली. मात्र स्थानिक रहिवासी, पर्यावरणवादी आणि राज्यातील राजकीय पक्षांनी विरोध केला. हा परिसर पश्चिम घाटात येत असून सुरुंगांचे हादरे, खोदकामातून निघणारे दगड, पाण्याचे स्रोत आणि वाघांचा संचारमार्ग यांविषयी त्यांचे आक्षेप होते. न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होईल, अशी भीतीही व्यक्त झाली. नैसर्गिक न्यूट्रिनो प्रत्येकाच्या शरीरातून सदैव जात असतात आणि प्रयोगात त्यांची केवळ नोंद होते, असे शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. तथापि, वने आणि पाण्याविषयीचे प्रश्न या स्पष्टीकरणाने सुटणारे नव्हते.

राष्ट्रीय हरित लवाद आणि न्यायालयांपुढे हे प्रकरण अनेक वर्षे चालले. पर्यावरण मंत्रालयाने २०१८ मध्ये मंजुरी दिली, परंतु लवादाने वन्यजीवविषयक परवानगीची अट कायम ठेवली. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र सादर करून या जागी प्रकल्प होऊ देण्यास विरोध दर्शवला. बोगद्याचे खोदकाम सुरू होऊ शकले नाही. नियोजित यंत्राची ८५ टन वजनाची छोटी प्रतिकृती मदुराई येथे २०१८ पासून कार्यान्वित झाली. मात्र ती जमिनीवर आहे. चीनमधील ‘जूनो’ या २० हजार टन द्रवाच्या भूमिगत यंत्राने वस्तुमानक्रमाचाच प्रश्न हाती घेऊन ऑगस्ट २०२५ मध्ये निरीक्षणे सुरू केली.

झारखंडमधील जादूगोडा येथील युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ मध्ये एक लहान प्रयोगशाळा सुरू झाली आहे. तेथे कृष्णद्रव्याविषयी संशोधन केले जाते. भारतीय शास्त्रज्ञ अमेरिकेतील न्यूट्रिनो प्रयोगांतही सहभागी आहेत. लडाखमधील हानले येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मेस’ या २१ मीटर व्यासाच्या गॅमा किरण दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तसेच महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्र सरकारने अंतिम मंजुरी दिली. विश्वातील एकाच घटनेचा प्रकाश, गॅमा किरण, गुरुत्वीय लहरी आणि न्यूट्रिनो यांच्या साहाय्याने एकत्रित अभ्यास करण्याकडे आता जगाचा कल आहे. त्यांपैकी न्यूट्रिनोंसाठी भारताकडे स्वतःचे मोठे साधन नाही.

खोल जागा एका अर्थाने नैसर्गिक संपत्ती असते. ती निर्माण करण्यास खाणकामाची अनेक दशके आणि कामगारांच्या पिढ्या खर्ची पडतात, आणि पंप बंद झाल्यावर ती काही काळातच नाहीशी होते. कोलारमध्ये अशी जागा भारताकडे होती. तिचा सर्वोत्तम उपयोग करणारे शास्त्रज्ञही येथे होते. खाण बंद करताना त्या खोलीचे वैज्ञानिक मूल्य हिशेबात धरले गेले असते तर काय झाले असते, याचे एक उत्तर कामिओका आणि होमस्टेक येथे पाहावयास मिळते. नवी जागा शोधताना पर्यावरणाचे निकष आता १८८० पेक्षा पुष्कळ कठोर आहेत आणि ते तसे असणे आवश्यकही आहे. त्यामुळे न्यूट्रिनो वेधशाळेपुढील प्रश्न आज तंत्रज्ञानाचा कमी असून, योग्य जागा आणि तेथील लोकांची संमती मिळवण्याचा अधिक आहे.